वाकडची सदनिका: भाडे थकले आहे, उत्तर मिळते "डिपॉझिटमधून वळते करा". मुदत संपेपर्यंत काय करावे?

गोदाकाठ (नाशिक) | प्रश्न

नमस्कार. मी नाशिकला नोकरी करते आणि पुण्यात वाकड येथे माझ्या नावावर दोन बेडरूमची सदनिका आहे. गृहकर्जाच्या हप्त्याला भाड्याचा हातभार लागेल या हिशेबाने मी ती पहिल्यांदाच भाड्याने दिली आहे. करार लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहण्याचा परवाना देणारा), अकरा महिन्यांचा असून तो एजंटामार्फत ऑनलाइन नोंदवलेला आहे. आम्हा दोघांचेही आधारशी जोडलेले अंगठ्याचे ठसे झाले आहेत आणि नोंदणीकृत कराराची प्रत माझ्याकडे आहे. मासिक शुल्क (म्हणजे भाडे) २२ हजार रुपये आणि अनामत ६६ हजार रुपये ठरली. करारात परवानाधारक (राहणारा) म्हणून एका गृहस्थांचे नाव असून ते, त्यांच्या पत्नी आणि शाळकरी मुलगा असे तिघे राहतील, असे स्पष्ट लिहिले आहे.

सुरुवातीला पाच तारखेच्या आत पैसे जमा होत. पुढे पाचची दहा झाली, दहाची वीस, आणि नंतर निम्मे आता व निम्मे पगार झाल्यावर, असा क्रम सुरू झाला. आज दोन महिन्यांचे पूर्ण शुल्क आणि वीजबिलाचे काही पैसे थकले आहेत, तर कराराची मुदत संपायला अडीच महिने बाकी आहेत. फोन केला की ते लगेच उचलतात, अत्यंत आदबीने बोलतात, "ताई, तुम्ही अजिबात काळजी करू नका" असे सांगतात आणि पैसे मात्र पाठवत नाहीत. नुकताच त्यांचा व्हॉट्सॲपवर ध्वनिसंदेश आला: "डिपॉझिट आहे ना तुमच्याकडे, त्यातून वळते करून घ्या. पुढचा करार आपण दोन वर्षांचाच करून टाकू."

दुसरी अडचण अशी की, घरात करारात नसलेली आणखी दोन माणसे राहत असल्याचे सोसायटीच्या कार्यालयातून मला कळले. आगाऊ निरोप देऊन मी पाहणीस गेले, तेव्हा ड्राय बाल्कनी प्लायवूड ठोकून बंद केलेली दिसली. आत वॉशिंग मशीनच्या नळाला अगदी खेटून एक लोखंडी खाट होती, उशाशी कंपनीच्या ओळखपत्राची निळी पट्टी लटकत होती आणि टाइल्सना ड्रिलने भोके पाडून कपड्यांची दोरी बांधलेली होती. "हे माझे भाचे आहेत, नोकरी लागेपर्यंत राहतील," असे मला सांगण्यात आले. भाच्यांना नोकरी लागलेली आहे हे त्या पट्टीवरूनच उघड होते. मला दाट संशय आहे की ते दरमहा पैसे देऊन राहतात.

करार करून देणारा एजंट आता फोन उचलत नाही. सोसायटीचे अध्यक्ष म्हणतात, पाणी बंद करा, आठ दिवसांत घर रिकामे होईल. कार्यालयातील एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे की, ते गावी गेले की कुलूप बदलून टाकावे. एका नातेवाइकांनी तर बारा वर्षे राहिल्यावर घर त्यांच्याच नावावर होते अशी भीती घातली आहे, त्यामुळे आई रोज फोन करून विचारते. यांपैकी काय कायद्यात बसते, थकलेली रक्कम खरोखर अनामतीतून वळती करावी का, मुदत संपल्यावर ते निघाले नाहीत तर कोणाकडे जायचे, आणि आजपासून मी नेमके काय करायला हवे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

दिवाणी बाजू (पुणे) | उत्तर

मी वकिली करतो आणि अशा प्रकरणांतील कागद रोज पाहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपला करार नोंदवलेला आहे, ही आपल्या बाजूची सर्वांत मोठी गोष्ट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी असणे व त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. इतर राज्यांत नोंदणी टाळता यावी म्हणून अकरा महिन्यांची पद्धत पडली, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षावरील भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. आपल्या राज्यात मात्र मुदत अकरा महिन्यांची असली तरी नोंदणी चुकत नाही. करार नोंदवलेला नसेल तर अटींविषयी राहणारा जे सांगेल तेच, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. आपल्या प्रकरणात तो प्रश्नच उरत नाही.

याच अधिनियमाचे कलम २४ आपल्या कामाचे आहे. राहण्यासाठी परवान्यावर दिलेल्या जागेचा ताबा मुदत संपताच परत द्यावा लागतो. तो दिला नाही तर मालकाला नियमित दिवाणी दाव्यात न अडकता सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशाच प्रकरणांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो, आणि पुणे विभागासाठी हे कार्यालय पुण्यातच आहे. परवान्याचा लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो, त्यामुळे "आम्ही तर भाडेकरू आहोत, तोंडी वेगळेच ठरले होते" हा बचाव तेथे फारसा चालत नाही. मुदत संपल्यापासून ताबा निघेपर्यंतच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई देण्याची जबाबदारी परवानाधारकावर येते, म्हणजे आपल्या बाबतीत दरमहा ४४ हजार रुपये. करारात ज्यांचे नाव नाही त्यांचा कोणताही दावा हा प्राधिकारी ऐकून घेत नाही. "भाच्यांचा" प्रश्न तेथेच निकाली निघतो.

कार्यपद्धती अशी आहे की, अर्जासोबत शपथपत्र आणि नोंदणीकृत कराराची प्रत जोडावी लागते, त्यानंतर समोरच्याला समन्स जाते. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याने शपथपत्रासह बचावाची परवानगी मागितली नाही तर आपले म्हणणे त्याने मान्य केले असे धरून निष्कासनाचा (घर रिकामे करण्याचा) आदेश होतो. आदेशावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण अर्जाची (आदेश वरिष्ठांकडून तपासून घेण्याची) तरतूद आहे. कागदावर हे झटपट वाटते, परंतु समन्स बजावले जाण्यात आणि तारखांमध्ये काही महिने जातात हे गृहीत धरूनच पुढचा हिशेब करावा.

आता तो हिशेब. दोन महिन्यांचे ४४ हजार आजच थकले आहेत. उरलेल्या अडीच महिन्यांत त्यांनी एक पैसाही दिला नाही तर आणखी ५५ हजार होतील, म्हणजे मुदत संपेल त्या दिवशी ९९ हजार, आणि आपल्या हातात अनामत ६६ हजार. ते ठरल्या तारखेला शहाण्यासारखे निघून गेले तरीही आपले ३३ हजार बुडतात, आणि त्यात वीजबिल, टाइल्सची भोके व ते प्लायवूड धरलेलेच नाही. ते निघाले नाहीत तर पुढचे सगळे महिने आपण खिशातून भरणार. "डिपॉझिटमधून वळते करा" हे वाक्य ऐकायला समजूतदारपणाचे वाटते, पण त्याचा अर्थ आपल्या हातातली एकमेव दोरी आपणच कापून त्यांना द्यायची, असा आहे. अनामत ही थकबाकीसाठी नसून घर परत मिळताना होणाऱ्या हिशेबासाठी आहे, आणि बहुतेक छापील करारांत शुल्क अनामतीतून वळते करता येणार नाही असे कलमही असते. आपल्या करारात ते आहे का, ते आधी पाहावे.

म्हणून मुदत संपण्याची वाट न पाहता आजच लेखी नोटीस पाठवावी. ती वकिलामार्फत असेल तर उत्तम, पण मजकूर नेमका असावा: कोणत्या महिन्याचे किती पैसे थकले, करारातील कोणत्या कलमांचा भंग झाला, करारात नसलेल्या व्यक्ती राहत आहेत आणि बाल्कनीत विनापरवानगी बांधकाम केले आहे, अनामतीतून वळते करण्यास आपली संमती नाही, कराराचे नूतनीकरण होणार नाही, आणि अमुक तारखेला रिकामा ताबा द्यावा. स्पीड पोस्टाने पाठवून पोहोच जपून ठेवावी आणि तीच नोटीस व्हॉट्सॲपवर व ईमेलवरही पाठवावी. तो ध्वनिसंदेश फोनमधून पुसू देऊ नका. थकबाकी आणि अनामत या दोन्हींची कबुली त्यात त्यांच्याच आवाजात आहे.

थकबाकीसाठी मुदतीआधीच करार रद्द करून त्यांना बाहेर काढता येईल का, असे आपण विचाराल. करारात तसे कलम असेल तर परवाना संपुष्टात आणण्याची नोटीस देता येते. परंतु कलम २४ ची भाषा "मुदत संपल्यावर" अशी असल्याने समोरचा वकील तेवढ्याच मुद्द्यावर तारखा मिळवू शकतो. मुदतीला अडीच महिनेच उरले असताना मी आपल्या जागी त्या वादात शिरलो नसतो. सर्व कागद तयार ठेवून मुदत संपलेल्या आठवड्यातच अर्ज दाखल करणे मला अधिक फायद्याचे वाटते. थकलेल्या शुल्काची वसुली हा स्वतंत्र दावा आहे आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे ते ओझे ताब्याच्या अर्जावर लादू नये.

पाणी तोडणे आणि कुलूप बदलणे या दोन्ही गोष्टी कृपया मनातून काढून टाका. त्याच १९९९ च्या अधिनियमाच्या कलम २९ नुसार पाणी, वीज, जिन्यातील दिवे, लिफ्ट, सफाई यांसारख्या अत्यावश्यक सेवा तोडणे हा गुन्हा आहे. ते कलम भाडेकरूंविषयी बोलते, परवानाधारकाला ते लागू होते की नाही हा वाद आपला वकील घालू शकेल, पण तो पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून घालण्याची वेळ आपल्यावर का यावी? कुलूप बदलले तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागण्याचा दावा होऊ शकतो, शिवाय "कपाटातले दागिने गेले" अशी तक्रारही हमखास येते. आज कायद्याच्या नजरेत चूक त्यांची आहे. एका कुलपाने ती आपली होईल.

बारा वर्षांच्या भीतीविषयी आपल्या आईंना निश्चिंत करा. बारा वर्षांचा नियम मालकाच्या हक्काला आव्हान देऊन, त्याच्या विरोधात ठेवलेल्या ताब्यासाठी आहे. परवानगीने आत आलेला माणूस कितीही वर्षे राहिला तरी केवळ तेवढ्याने मालक होत नाही, आणि परवाना म्हणजेच परवानगी.

जुना घरमालक (चिंचवड) | उत्तर

वकीलसाहेबांनी लिहिलेले सर्व योग्य आहे आणि नोटीस पाठवावीच. मात्र नोटीस गेली म्हणजे बोलणे संपले असे समजू नये. माझ्या दोन सदनिका बरीच वर्षे भाड्याने आहेत आणि आजवर एकदाही प्रकरण प्राधिकाऱ्यापर्यंत गेले नाही. याचे श्रेय माझ्या कायद्याच्या ज्ञानाला नाही. माणूस निघून जावा असे वाटत असेल तर त्याला निघण्यासाठी वाट ठेवावी लागते, एवढेच मी पाळत आलो.

आपल्या माणसाची अडचण काय असावी याचा विचार करा. तो २२ हजार देऊ शकत नाही, म्हणून त्याने दोन खाटा भाड्याने दिल्या असणार. त्याला दुसरे घर घ्यायचे तर तिथे नवे डिपॉझिट, एजंटाचे एका महिन्याचे कमिशन आणि टेम्पोचे पैसे लागणार, आणि त्याच्याजवळचा पैसा तुमच्याकडे अनामत म्हणून अडकलेला आहे. म्हणजे तो राहतो आहे तो हौसेने नव्हे, त्याला निघणेही परवडत नाही. अशा माणसाला "कोर्टात खेचीन" म्हटले की तो कोर्टालाच मुदतवाढ समजतो. त्याच्याशी मुलाच्या शाळेची सहामाही कधी संपते, नवे घर बघितले का, हे बोलावे. मुदतीच्या आधी निघालात तर उरलेले डिपॉझिट किल्ली हातात पडताच देईन, असे त्याला लेखी कळवावे. हे वाक्य नोटिशीपेक्षा अधिक काम करते असा माझा अनुभव आहे.

फोनवर बोलणे झाले की लगेच दोन ओळींचा संदेश टाकावा: "आज आपले असे बोलणे झाले." पैसे रोख घेऊ नयेत. अर्धवट रक्कम आली तरी घ्यावी, पण ती कोणत्या महिन्यापोटी घेतली ते लगेच कळवावे. महावितरणचे बिल तुमच्या नावावर येत असणार, त्यामुळे ग्राहक क्रमांक ॲपमध्ये टाकून दर महिन्याला स्वतः पाहत जा. बिल त्याने भरले नाही आणि महावितरणने वीज तोडली तर तो त्यांचा विषय आहे, पण थकबाकी मीटरला चिकटते आणि शेवटी मालकालाच भरावी लागते. आणखी एक, दोन वर्षांच्या नव्या कराराचे गोड आमिष अजिबात स्वीकारू नका.

ताबा घेण्याचा दिवस हा सर्वांत महत्त्वाचा. दिवसाउजेडी जावे, सोबत एखादा शेजारी साक्षीदार म्हणून घ्यावा आणि घाई करू नये. मी प्रत्येक नळ पूर्ण सोडून बघतो, सिंकखालचे दार उघडून हात फिरवतो, गिझर चालू करून दहा मिनिटे थांबतो आणि मीटरच्या आकड्याचा फोटो त्या माणसाला शेजारी उभे करून काढतो. बेडरूमच्या दारामागे मुलांनी चिकटवलेले स्टिकर, किचन ओट्याच्या कडेचा उडालेला टवका, हे सगळे तेव्हाच बोलून घ्यायचे. नंतर फोनवर बोललेल्या गोष्टीचे पैसे मिळत नाहीत. तुमच्याकडे ते घर देतानाचे फोटो असतील तर तेही सोबत न्या.

भाड्याच्या घरात (ठाणे) | उत्तर

येथे सर्व उत्तरे मालकांच्या बाजूची आहेत, म्हणून दुसऱ्या बाजूचे थोडे लिहितो. मी पंधराहून अधिक वर्षे भाड्याच्या घरांत राहिलो आहे आणि शेवटच्या दोन महिन्यांचे भाडे अनामतीतून वळते करण्याची पद्धत भाडेकरूंमध्ये का पडली हे मला चांगले ठाऊक आहे. घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली एक महिना, "डीप क्लीनिंग"च्या नावाखाली काही हजार, आणि उरलेले "पुढच्या आठवड्यात ट्रान्सफर करतो" असे म्हणून जे मालक गायब होतात, त्यांचा अनुभव आलेला माणूस पुढच्या प्रत्येक मालकाकडे त्याच नजरेने पाहतो. याने शुल्क थकवण्याचे समर्थन होत नाही आणि करारात नसलेली माणसे ठेवण्याचे तर मुळीच होत नाही.

मात्र मॅडम, आपल्याकडे त्यांची काही तक्रार आलेली होती का, हेही पाहावे. बाथरूममधून खालच्या मजल्यावर गळती, भिंतीला ओल, बंद पडलेला गिझर यांविषयी त्यांनी संदेश पाठवले असतील आणि ते अनुत्तरित राहिले असतील, तर प्राधिकाऱ्यासमोर पहिल्याच दिवशी ते संदेश बाहेर येतील. तसे काही असेल तर आधी ती दुरुस्ती करून द्यावी आणि पावती ठेवावी. दुसरे असे की, पाहणीला जाताना आपण आगाऊ निरोप दिलात हे योग्यच केले. पुढेही वेळ ठरवून, दिवसा आणि त्यांच्या पत्नी घरी एकट्या नसताना जावे.

सोसायटीचा सचिव (पिंपळे सौदागर) | उत्तर

अध्यक्षांनी पाणी बंद करण्याचा सल्ला दिला हे वाचून खेद वाटला. सोसायटीला सभासदाच्या घरात कोण राहते याची माहिती मागण्याचा अधिकार आहे, पाणी तोडण्याचा नाही. आपण आपल्या सोसायटीला लेखी पत्र द्यावे: करारानुसार अमुक तीन व्यक्तींनाच राहण्याची परवानगी आहे, इतरांना आपली संमती नाही, आणि ड्राय बाल्कनीतील बदल आपल्या परवानगीने झालेला नाही. या पत्राची पोहोच घ्यावी. उद्या सोसायटीने बेकायदा बदलासाठी नोटीस काढली तर ती आपल्या नावाने येईल, तेव्हा हे पत्र उपयोगी पडेल. प्रवेशद्वारावरील नोंदवहीत आणि गेटच्या ॲपवर त्या दोघांच्या नोंदी असतील तर त्यांचा उतारा मिळेल का, हेही कार्यालयात विचारून पाहावे.

भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन दिलेली असेलच. त्यात त्या दोन तरुणांची नावे नसणार, म्हणून तीही वस्तुस्थिती पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्यावी. पोलीस घर रिकामे करून देणार नाहीत, "ही दिवाणी बाब आहे" असेच सांगतील, आणि ते बरोबर आहे. आपण ही माहिती देता आहात ती आपली जबाबदारी म्हणून.

जाता जाता एक गोष्ट. भाड्याने दिलेल्या घरासाठी सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नसतात. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशापासून हा नियम आहे, तरी अनेक ठिकाणी मनमानी आकारणी चालते. अध्यक्ष सल्ले देण्यात इतके तत्पर असतील तर आपले मेंटेनन्सचे बिलही एकदा तपासून पाहावे.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. करार पुन्हा वाचला. शुल्क अनामतीतून वळते करता येणार नाही आणि करारात नमूद नसलेल्या व्यक्तींना ठेवता येणार नाही, ही दोन्ही कलमे त्यात आहेत. वकिलांमार्फत नोटीस पाठवली, सोसायटी व पोलीस ठाण्यात पत्रे दिली. त्यांच्या जुन्या संदेशांत गळतीची वगैरे तक्रार नाही, फक्त एकदा गिझरची होती आणि तो तेव्हाच दुरुस्त करून दिला होता, त्याची पावती सापडली.

नोटीस मिळाल्यावर त्यांचा सूर बदलला. चिंचवडच्या सरांनी सुचवल्याप्रमाणे मी शांतपणे बोलले, तेव्हा त्यांनी नोकरी गेल्याचे सांगितले आणि एक प्रस्ताव ठेवला: या महिनाअखेर ते घर सोडतील, मात्र अनामतीपैकी ४० हजार रुपये त्यांना परत हवेत आणि तेही आठ दिवस आधी, कारण नव्या घराचे डिपॉझिट भरायचे आहे. माझा हिशेब वेगळा आहे. दोन महिन्यांचे ४४ हजार, शिवाय चालू महिना धरला तर ६६ हजार, म्हणजे अनामत तिथेच संपते आणि वीजबिल वर राहते. मी काही परत देणेच लागत नाही. तरीही काही देऊन मोकळे व्हावे का? आणि समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या एका संदेशात नव्या कायद्यानुसार दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही असे लिहिले आहे, तो संदेशही त्यांनी मला पाठवला आहे. त्यात तथ्य आहे का?

दिवाणी बाजू (पुणे)

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. तो संदेश केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याविषयीचा दिसतो. निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या अनामतीची मर्यादा त्यात आहे हे खरे, पण तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे. राज्याच्या विधिमंडळाने आपला कायदा केल्याशिवाय तो कोणालाही बांधत नाही. आपला करार १९९९ च्या अधिनियमाखालचा आहे आणि त्याच चौकटीत पाहिला जाईल.

प्रस्तावाविषयी असे की, काटेकोर हिशेबाने आपण काहीही देणे लागत नाही, हे बरोबर. पण तुलना शून्याशी करू नका. त्यांनी न निघण्याचे ठरवले तर मुदत संपेपर्यंतचे दीड महिना आणि त्यापुढे प्रकरण चालेल तितके महिने शुल्क नाही, वकिलाची फी वेगळी, आणि दुप्पट भरपाईचा आदेश हातात पडला तरी नोकरी गेलेल्या माणसाकडून ती वसूल कशी करणार? माझ्या मते सुमारे एका महिन्याच्या शुल्काइतकी रक्कम सोडून महिनाअखेर रिकामे घर मिळत असेल तर तो सौदा वाईट नाही. ४० हजार मात्र मी देणार नाही, आणि आगाऊ तर एक रुपयाही नाही.

जुना घरमालक (चिंचवड)

रकमेवर माझे मत वकीलसाहेबांपेक्षा थोडे सैल आहे. माणूस खरोखर निघत असेल तर २५ हजारांपर्यंत जायला मी तयार झालो असतो, कारण घर पुढच्याच महिन्यात पुन्हा भाड्याने जाईल आणि वाकडमध्ये रिकामे घर फार दिवस राहत नाही. आगाऊ न देण्याविषयी मात्र पूर्ण सहमत. त्याची डिपॉझिटची अडचण खरी असेल तर त्याच्या नव्या मालकाशी फोनवर बोला आणि अमुक तारखेला ताबा मिळताच मी यांना इतकी रक्कम देणार आहे असे सांगा. बहुतेक मालक दोन दिवस थांबतात.

त्या दिवशी क्रम चुकवू नये. आधी टेम्पो भरून सामान खाली गेले पाहिजे, "भाच्यांच्या" खाटांसह, आणि बाल्कनीतले प्लायवूड काढलेले असले पाहिजे. मग घरभर फिरून मीटरचा फोटो काढावा. मग सर्व किल्ल्या घ्याव्यात, मागच्या दाराची आणि टपालपेटीचीही. मग ताबा परत दिल्याच्या पावतीवर त्यांची, त्यांच्या पत्नींची आणि दोन साक्षीदारांची सही घ्यावी. त्यात परवाना आजपासून संपुष्टात आला, अमुक रक्कम सोडली, अमुक रक्कम परत दिली आणि उभयतांचे एकमेकांकडे काही येणे उरले नाही, हे लिहिलेले असावे. एवढे झाल्यावर तिथेच उभे राहून मोबाइलवरून रक्कम पाठवावी आणि व्यवहार क्रमांक त्याच पावतीवर हाताने लिहून घ्यावा.

दिवाणी बाजू (पुणे)

पावतीचा मसुदा आपल्या वकिलांकडून आधीच करून घ्या आणि समोरच्याला दोन दिवस आधी वाचायला पाठवा, म्हणजे ऐनवेळी दारात वाद होणार नाही. पुढच्या परवानाधारकासाठी नवा करार नोंदवताना खर्चाची काळजी नको. मुद्रांक शुल्क हे करारातील एकूण भाडे आणि परतीच्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का असते, म्हणजे आपल्या आकड्यांत सहाशे-सातशे रुपये, आणि महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार. एजंटाने दिलेला छापील मसुदा मात्र सही करण्यापूर्वी ओळ न ओळ वाचून घ्यावा, आणि अनामत दोन महिन्यांचे शुल्क थकले तरी घर परत मिळवण्यापुरती हातात उरेल इतकी ठेवावी.